गॅस नव्हता तो

आज पऱ्हाटीत डवरा चालू असताना शेजारचे काकाजी धुऱ्यावरच बसले. घामानं चिंब, छाती दाबून धरलेली, कळ डाव्या हातात न् जबड्यात. काकूंनी ओव्याचं पाणी आणलं. आपल्याकडे छातीतलं सारंच दुखणं आधी गॅसच असते बाप्पा! मी १०८ ला फोन लावला.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर मॅडमनं लगेच ईसीजी काढला, हार्ट अटॅक निघाला. अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला लावली. गिळली तर रक्तात उशिरा जाते. सॉर्बिट्रेटचं (जिभेखाली ठेवायची गोळी) विचारलं तर म्हणाल्या, "बीपी पाहिल्याशिवाय नाही. कमी असला तर आणखी पडते."

अँजिओप्लास्टी (फुग्यानं बंद रक्तवाहिनी उघडणं) नागपूरला, अन् दोन तासांत तिथं होणं शक्यच नव्हतं. म्हणून गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज तिथंच शिरेतून दिलं. ते दुखणं सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत देतात, पण जितकं लवकर तितका फायदा. त्या औषधानं रक्तस्राव होऊ शकते, म्हणून देण्याआधी, पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव झाला का, एवढ्यात ऑपरेशन झालं का, खोदून खोदून विचारलं.

दीडेक तासानं ईसीजी सुधारला. तरी २४ तासांत अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) लागतेच, म्हणून नागपूरला हलवलं. पोरगा पुण्याहून निघालाय. गाववाल्यांनो, काकूंना सारखे फोन करू नका, त्यांच्या मोबाईलची बॅटरी संपत आली आहे.