चवथ कुणाकडे?

दरमहा पोटगी किती, शाळेची फी कुणी भरायची, लग्नातलं सोनं कुणाकडे राहायचं, हे सगळं जेवणाच्या सुट्टीआधीच मिटलं होतं. आज लवकर घरी जाईन असं मनात येतंय तोवर मी विचारलं, "चवथीला मुलगी कुणाकडे?" दोघंही एकाच वेळी म्हणाले, "माझ्याकडे." चवथ म्हणजे आमच्या गोव्यातली गणेश चतुर्थी. पुढची अख्खी दुपार त्या एका प्रश्नात गेली.

मी व्यवसायाने वकील, पण मध्यस्थीच्या खोलीत मी कुणाचीच वकील नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ नुसार न्यायालय प्रकरण आमच्याकडे पाठवतं, आम्ही दोघांना बोलतं ठेवतो आणि जे जमेल ते कागदावर उतरवून परत न्यायालयात पाठवतो. निकाल द्यायचा अधिकार मला नाही. ४० तासांच्या प्रशिक्षणात हेच पुन्हा पुन्हा सांगतात, आणि वकिलाच्या तोंडाला ते पचायला वेळ लागतो. इथे बोललेलं इथेच राहतं, म्हणून ओळख पटेल असं बरंच काही मी खाली बदललं आहे.

मुलगी सात वर्षांची, दुसरीत. आई तिला घेऊन माहेरी, डिचोलीच्या बाजूला. वडील फोंडा तालुक्यात, आईवडील आणि थोरल्या भावाबरोबर. घटस्फोटाचं अजून नक्की नाही, पण वर्षभर दोघं वेगळे राहतायत.

गोव्याबाहेरचे लोक मला हमखास विचारतात, "तुमच्याकडे समान नागरी कायदा आहे ना? मग सगळं ठरलेलंच असेल." १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लग्न आणि मालमत्तेसाठी आमच्याकडे अजून चालते, हे खरं. पण रविवारी संध्याकाळी मुलीला परत कुणी आणून सोडायचं, पाऊस असेल तर काय, हे कुठल्याही संहितेत नसतं. त्या दिवशी दोन्ही वकील निकालांच्या प्रती घेऊन आले होते. आईच्या वकिलांकडे २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, तोही गोव्यातूनच वर गेलेल्या प्रकरणातला. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा, असं त्यात म्हटलं आहे. वडिलांच्या वकिलांकडे २०२० चा: मुलाला आईवडील दोघांच्याही सहवासाचा हक्क आहे, भेट जमत नसेल तिथे निदान फोनवर, व्हिडिओवर संपर्क असावा. मुलगी सात वर्षांची, त्यामुळे पहिला निकाल थेट लागू होत नव्हता. दुसरा आईलाही अमान्य नव्हता. दोन्ही प्रती मी आदराने बाजूला ठेवल्या.

थोरल्या भावाने तर एक्सेलची शीटच करून आणली होती. वर्षाचे दिवस भागिले दोन, १८२ आणि १८३, जादाचा एक दिवस आलटून पालटून. लीप वर्षाचीही सोय केलेली. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय मांडला आहे, तेही त्याने वाचलं होतं. माणूस हुशार. पण मुलीची शाळा डिचोलीत, आणि आमोणे-खांडोळा पुलावरून रोज सकाळी सात वर्षांच्या पोरीला दप्तरासकट नेणार कोण, हा रकाना शीटमध्ये नव्हता. त्याला मी चहा प्यायला बाहेर पाठवलं. खोलीत माणसं जितकी कमी, तितकं बोलणं खरं होतं.

आधीचा तात्पुरता आदेश एका ओळीचा होता: दर रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ५. कागदावर अगदी सरळ. पण वडील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात शिफ्टला. आठवड्याची सुट्टी फिरती. नाइट संपवून सकाळी घरी यायचं, अंघोळ करून स्कूटरला किक मारायची आणि दहाला डिचोलीत हजर. मग दिवसभर पोरगी आइस्क्रीम खातेय आणि बाप समोर बसून पेंगतोय. घरी जाऊन ती म्हणाली, "पप्पा माझ्याशी बोलतच नाही, झोपतो." आईच्या अर्जात त्याचं वाक्य झालं: वडिलांना मुलीत रस नाही.

मी ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला. "एक रविवार चुकला असता तर तुझ्या वकिलाने तोच दाखवला असता ना?" तिने उत्तर दिलं नाही, पण नाकारलंही नाही.

मग रविवार सोडून दिला. त्याचा शिफ्टचा तक्ता महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास लागतो. त्यावरून असं ठरवलं: मुळात दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात, शुक्रवारी शाळा सुटल्यापासून रविवारी संध्याकाळपर्यंत मुलगी वडिलांकडे. त्या शुक्रवार-शनिवारी नाइट असेल तर त्याने तक्त्याचा फोटो २६ तारखेपर्यंत पाठवायचा आणि त्याच महिन्यातला वेगळा शनिवार-रविवार सुचवायचा. तिने दोन दिवसांत हो किंवा नाही कळवायचं. उत्तर नाही आलं तर मूळ तारखाच पक्क्या. बदल महिन्यातून एकदाच. हा शेवटचा नियम तिने मागितला आणि तो बरोबर होता. सगळंच लवचीक ठेवलं की दर आठवड्याला नवी वाटाघाट, आणि भांडायला ज्यांना निमित्त पुरतं त्यांच्यासाठी त्यापेक्षा वाईट काही नाही.

मुलीला द्यायचं-घ्यायचं कुठे? वर्षभर हे तिच्या माहेरच्या फाटकात चालत होतं, आणि फाटकात आजोबा उभे. जावई दिसला की त्यांच्या तोंडून काहीतरी निघणारच. रविवारी सकाळी मुलीच्या पोटात दुखायला लागलं होतं, डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. पोलीस चौकीसमोर देवघेव करायचे करार मी पाहिले आहेत. जिथे मारहाणीची भीती आहे तिथे ते लागतंही, इथे तसं काही नव्हतं. शुक्रवारी वडिलांनी थेट शाळेतून न्यायचं ठरलं, म्हणजे दोघांना समोरासमोर यायलाच नको. शाळेला दोघांच्या सहीचं पत्र. रविवारी परत सोडायला दोन्ही घरांच्या मधलं माशेल. देवकीकृष्णाच्या देवळाचं आवार, संध्याकाळी साडेपाच, अर्ध्या तासापर्यंत उशीर चालेल, त्यापुढे फोन करायचा. आणायला आई किंवा मामी. आजोबा नाहीत. "बाबांना हे सांगणार कोण?" ती म्हणाली. "कागद सांगेल," मी म्हटलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना जे तोंडावर सांगता येत नाही ते न्यायालयाच्या कागदावर ढकलता येतं, हा या कागदांचा एक उपयोग कुणी लिहून ठेवत नाही.

मे महिन्याची सुट्टी दोन भागांत, दिवाळीची एक वर्ष इकडे एक वर्ष तिकडे, वाढदिवस ज्याच्या वाट्याच्या दिवशी येईल त्याच्याकडे आणि दुसऱ्याला संध्याकाळी तासभर. सुट्टीच्या तारखा मुद्दाम घातल्या नाहीत, "शाळेने जाहीर केलेल्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग" असं लिहिलं. २०२५ पासून गोव्यात वरच्या वर्गांचं वर्ष एप्रिलातच सुरू व्हायला लागलं; तारखा घातलेले जुने करार त्या वर्षी लोकांनी पुन्हा माझ्याकडे आणले होते.

आणि मग चवथ.

सुट्ट्या वाटून घेता येतात, चवथ वाटून घेता येत नाही असं गोव्यातल्या हिंदू घरात मनापासून मानतात. मुंबईला, पुण्याला, बोटीवर, कुठेही असलेला माणूस त्या दिवशी मूळ घरी पोचतो. मी सरळ तोडगा पुढे केला: सम वर्षी आई, विषम वर्षी वडील. दोघांनीही तो एका आवाजात फेटाळला. तोवर त्यांचं पूर्ण एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत.

दोघांशी वेगवेगळं बोलले. आधी ती. तिला मुलीने सासरच्या चवथीला जाणंच नको होतं का? तसं नव्हतं. "मॅडम, त्या दिवशी घरात चाळीस माणसं असतात. एकेक जण तिला विचारणार, 'तुजी आवय खंय गो?', तुझी आई कुठे? ती काय सांगणार?" एवढंच होतं. पूजा, नैवेद्य, मान, कशाचंच तिला काही नव्हतं.

मग तो. बराच वेळ घराण्याची प्रथा वगैरे सांगत राहिला. नंतर म्हणाला, त्याला चवथीचा दिवस नाहीच मिळाला तरी चालेल, आदला दिवस हवा. तयेच्या दिवशी तो आणि त्याचा भाऊ रानात जाऊन माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या-पानांच्या चौकटीचं, सामान आणतात. कांगलां, घागऱ्यो, माट्टीची फळं. बाजारात सगळं मिळतं, पण त्यांच्या घरात अर्धं तरी स्वतः आणायची रीत. दोन वर्षांपूर्वी मुलगी त्याच्या खांद्यावर बसून गेली होती आणि तिने कांगलां ओळखली होती. "ती तिला इंग्लंडला नेणार," तो म्हणाला. "तिचा भाऊ स्विंडनला आहे. तिच्या बाबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला, पोर्तुगालचे कागद व्हायला कितीसा वेळ? नेईपर्यंत तिला माटोळी बांधताना तरी बघू दे."

मी विचारलं, हे तिला सांगू? तो म्हणाला, माटोळीचं सांगा, इंग्लंडचं नको. एकट्याने बोललेलं त्याच्या परवानगीशिवाय पलीकडे न्यायचं नाही हा आमचा नियम आहे, आणि ज्या दिवशी तो जाचतो त्याच दिवशी तो पाळायचा असतो.

पुढचं गणित खरं तर घरांनीच सोडवून ठेवलेलं होतं, फक्त कुणी मांडलं नव्हतं. त्याच्याकडे गणपती दीड दिवसाचा, तिच्या माहेरी पाच दिवसांचा. तयेच्या सकाळपासून पंचमीच्या विसर्जनापर्यंत मुलगी फोंड्याला. तिसऱ्या दिवशी सकाळी माशेलला देवघेव. पुढचे तीन दिवस आजोळच्या गणपतीत. विसर्जनाच्या रात्री मुलीला रस्त्यावर काढायचं नाही, हे दोघांनीही एकदमच सुचवलं. बदल्यात तिने दर वर्षीची आपल्या गावची जत्रा मागितली, ती त्याने लगेच दिली. पाहुण्यांच्या प्रश्नांसाठी एक कलम घातलं: मुलीसमोर दुसऱ्या पालकाबद्दल किंवा खटल्याबद्दल बोलायचं नाही, आणि घरातल्यांना ते बजावण्याची जबाबदारी त्या त्या पालकाची. असलं कलम कुणी मोडलं तर करणार काय, हा वकिली प्रश्न मला पडतो. पण तो बाहेर जाऊन आईला आणि भावाला ते वाचून दाखवून आला, आणि त्याची आई चिडून उठून गेली, म्हणजे कलम पोचलं होतं.

सह्यांच्या आधी तिने एकदम विचारलं, "आणि सुतक आलं तर?" मला सुचलं नव्हतं. वीस वर्षांच्या वकिलीत मी पूर, संप, दंगल यांची कलमं लिहिली आहेत, सुतकाचं नाही. सुतकामुळे वडिलांकडे गणपती बसला नाही तर ते दोन दिवसही मुलगी आजोळी, माटोळीचा दिवस मात्र वडिलांचाच. सुतकात माटोळी कसली, असं टंकलेखक मध्येच म्हणाला. दोघंही हसले. मग दुरुस्त केलं: त्या वर्षी बदली म्हणून दिवाळीतले दोन दिवस वडिलांना.

शेवटचं कलम पासपोर्टचं. ते मी प्रत्येक करारात घालते, त्यामुळे विचारताना मला कुणाचं गुपित फोडावं लागलं नाही: दोघांच्या लेखी संमतीशिवाय मुलीचा कुठल्याही देशाचा पासपोर्ट काढायचा नाही, तिला देशाबाहेर न्यायचं नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबलाकडे बघत होता. ती म्हणाली, "मी अजून काही ठरवलेलं नाही. पण असं लिहूनही देणार नाही." मी दोनदा शब्द बदलून पाहिले. साठ दिवस आधी सूचना द्यावी असं सुचवलं, तेही तिला नको. तिला बाजूला घेऊन बोलले तेव्हा म्हणाली, नोकरी नाही, माहेरी किती वर्षं राहू? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अंशतः समझोता अशी नोंद करून कागद न्यायालयाकडे पाठवला. पोटगी, शाळा, शिफ्टचा तक्ता, माशेल, चवथ, जत्रा, सुतक, सगळ्यावर दोघांच्या सह्या. पासपोर्टच्या कलमापुढे "एकमत झाले नाही" असं लिहिलं. ते आता न्यायाधीश ठरवतील.