कार्नीच्या पुढे चालत जाऊ नका: आयर्लंडच्या विस्मरणातल्या बायकांमागे पाच दिवस

आधी मुद्द्याचं सांगते. आयर्लंडमध्ये स्लायगोजवळ ड्रमक्लिफला बसमधून उतरून कार्नी गावावरून लिसाडेलच्या वाड्यापर्यंत "रमतगमत चालत जा" असं कुणी सुचवलं, तर त्याला कोपरापासून हात जोडा आणि गाडी ठरवा. आम्ही दोघी चाललो. मी ५२ वर्षांची, नणंद, म्हणजे ताई, ६१ च्या, दोघीही दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या. पायांची तक्रार नाही. तक्रार रस्त्याची आहे आणि ती मी पुढे पोटभर करणार आहे. त्याआधी डब्लिनमध्ये पाण्यात गेलेल्या ७० युरोंची रड.

मुळात गेलो कशाला? मार्गारेट कझिन्समुळे. मी फर्ग्युसनची. जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन आमच्या कॉलेजात भरलं होतं, अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. ते भरावं म्हणून देशभर पत्रं धाडणारी बाई आयर्लंडमधल्या बॉयल नावाच्या गावची होती, हे मला कॉलेज सोडल्यावर तीस वर्षांनी कळलं. पाच वर्षं त्या आवारात काढली, पण कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. भाची डब्लिनला नोकरीला आहे, राहायची सोय होती. म्हटलं, हिचं गाव बघू आणि वाटेत हिच्या मैत्रिणींनाही भेटून येऊ.

डब्लिनमध्ये पहिल्याच दिवशी माती खाल्ली. "बंडखोर स्त्रियांचं डब्लिन" अशी दोन तासांची चालती सहल, माणशी ३५ युरो. भाची म्हणाली, "मामी, एवढे पैसे कशाला? मी दाखवते की." ऐकलं नाही. वाटाड्या तरुण गोड बोलायचा. पहिली वीस मिनिटं एका पबची. मग मॉली मलोनचा पुतळा. ही हातगाडीवर शिंपले विकणारी गाण्यातली बाई, म्हणजे झालीच नाही अशी. पर्यटक हात लावून लावून तिची छाती चकचकीत करतात. त्यानंतर काउंटेस मार्किएविचचा (हिच्याबद्दल पुढे) अर्धपुतळा, तोही लांबून. झाल्या बंडखोर स्त्रिया. ज्या बाया खरोखर होऊन गेल्या त्यांची नावं मीच विचारत होते आणि तो "येस, येस, ग्रेट लेडी" म्हणत पुढच्या पबकडे बघत होता.

तेव्हा पहिला सल्ला: डब्लिनमध्ये यासाठी कुणाला पैसे देऊ नका. सगळं चालत, फुकट, अर्ध्या दिवसात होतं.

ओकॉनेल स्ट्रीटच्या वरच्या टोकाला आयरिश पुढारी चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेलचं भलंमोठं स्मारक आहे. त्याच्याकडे पाठ करून उभं राहा आणि त्याच्या बहिणीची गोष्ट आठवा. १८८१ मध्ये जमीनदारांविरुद्धच्या चळवळीचे पुढारी तुरुंगात जाणार हे दिसत होतं, तेव्हा या बहिणीने, अ‍ॅनाने, लेडीज लँड लीग उभी केली. जमिनीवरून हुसकावलेल्या कुळांना निवारा, तुरुंगातल्यांच्या घरी पैसे, गावोगाव सभा, सगळं बायकांनी चालवलं. भाऊ सुटून आला, सरकारशी तडजोड केली आणि बहिणीच्या संघटनेचे पैसेच तोडले. १८८२ मध्ये लीग बंद. अ‍ॅना पुढे भावाशी बोलली नाही. नाव बदलून इंग्लंडच्या किनाऱ्यावर इल्फ्राकूमला राहिली आणि २० सप्टेंबर १९११ ला तिथे पोहताना बुडाली. भावाच्या या स्मारकाचं अनावरण १ ऑक्टोबर १९११ चं. मधे अकरा दिवस. याच रस्त्यावर एका बँकेच्या भिंतीवर २०२१ मध्ये लावलेला अ‍ॅनाचा फलक आहे. मान वर करून शोधावा लागतो.

तिथून सरळ खाली लिफी नदीपर्यंत या. उजवीकडे-डावीकडे पूलच पूल. त्यातला २०१४ चा रोझी हॅकेट पूल बघा, बाईच्या नावाचा. रोझी बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होती. १९११ च्या संपात होती तेव्हा जेमतेम अठराची. डब्लिन कासलच्या मागे शिप स्ट्रीटला हॅना शीही स्केफिंग्टनचा फलक आहे. मताधिकार मिळत नाही म्हणून तिने १३ जून १९१२ ला इथल्या काचा फोडल्या. फलक २०१८ चा.

पण मला विचाराल तर सेंट स्टीफन्स ग्रीनमधली दोन बाकं. बाग मोठी आहे, मध्यावरच्या फुलांच्या वाफ्यांपाशी शोधा. एक दगडी बाक अ‍ॅना आणि थॉमस हॅस्लम यांचं, १९२३ चं. अ‍ॅना हॅस्लमने बायकांना मत द्या म्हणून १८६६ मध्ये अर्जावर सही केली आणि १९१८ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी मत टाकलं. ५२ वर्षं! माझं आख्खं आयुष्य म्हणजे हिचं वाट बघणं. आम्ही गेलो तेव्हा बाकावर एक मुलगा सँडविच खात बसला होता आणि कोरलेली अक्षरं नेमकी त्याच्या पाठीआड. ताईंनी त्याला मराठीतच "बाळा, जरा सरक" म्हटलं. तो सरकला, वळून वाचू लागला आणि म्हणाला, रोज दुपारी इथेच बसतो. दुसरं बाक लुई बेनेट आणि हेलन शेनेविक्स यांचं. या दोघी बायकांच्या कामगार संघटनेतल्या. १९४५ मध्ये डब्लिनच्या धोबीखान्यांतल्या बायका जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होत्या आणि वर्षाला दोन आठवडे पगारी रजा मिळवूनच परतल्या. दुपारी एक ते दोन टाळा, बाक रिकामं मिळत नाही.

बसचं एक: लीप कार्ड (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या. रोख दिले तर सुटी नाणीच चालतात आणि जास्तीचे परत मिळत नाहीत. आमचे पाऊण युरो असेच गेले. ताई अजून विसरलेल्या नाहीत.

बॉयल आणि स्लायगो एकाच रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे आखणी सोपी. डब्लिनच्या कॉनोली स्टेशनवरून गाडी, अडीच तासांत बॉयल, पुढे चाळीसेक मिनिटांत स्लायगो. तिकीट आधी ऑनलाइन काढा, खिडकीवर महाग पडतं. गाडीत बसलात की एक गंमत ध्यानात घ्या. कॉनोली हे ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावात फाशी... चुकले, गोळ्या घातलेल्या पुढाऱ्याचं नाव. शेवटचं स्टेशन स्लायगोचं मॅक डिअरमाडा, तेही त्यातलेच. १९६६ मध्ये देशातल्या पंधरा स्टेशनांना अशी नावं दिली. पंधराही पुरुष.

बॉयलचा दिवस छान गेला, त्यामुळे लिहिण्यासारखं फार नाही. नदी, बाराव्या शतकातला मठ, ऊन. तिथे मार्गारेटच्या वस्तूंचं दालन वगैरे असेल अशा आशेने जाऊ नका. गावाची हवा घ्यायला जा. किंग हाउसमध्ये जरूर डोकवा, कारण तिथे कॉनॉट रेंजर्स या पलटणीची छावणी होती आणि ही पलटण हिंदुस्थानात होती. १९२० मध्ये तिच्यातल्या आयरिश शिपायांनी जालंधरला बंडही केलं. म्हणजे या एवढ्याशा गावातून बंदुका घेऊन माणसं आपल्याकडे आली आणि संगीत घेऊन मार्गारेटही आली. ती संगीताची पदवीधर. १९१९ मध्ये मदनपल्लीला रवींद्रनाथांकडून ऐकून 'जन गण मन'ची स्वरलिपी उतरवून घ्यायला तिचा हात होता. मताधिकारासाठी १९१० मध्ये लंडनच्या तुरुंगात, १९१३ मध्ये आयर्लंडच्या टलामोर तुरुंगात उपोषण, आणि १९३२ मध्ये भाषणबंदी मोडून आपल्या वेल्लोरच्या तुरुंगात. तीन देशांचे तुरुंग! कॅफेतल्या बाईंना विचारलं तर त्यांनी आधी टारझनच्या सिनेमातल्या मॉरीन ओसलिव्हनचं नाव घेतलं, तीही बॉयलचीच. मग म्हणाल्या, "ती इंडियाला गेली ती का?" ताई म्हणाल्या, "हो, आमच्याकडे." एवढंच.

आता रस्ता.

ड्रमक्लिफला बस थांबते, तिथे यीट्स कवीची कबर आहे. सगळे उतरतात, फोटो काढतात, चहा-केक खातात, परत फिरतात. मागे बेन बल्बेनचा डोंगर. सपाट माथा आणि खाली कातळाची उभी भिंत. ताई म्हणाल्या, "हा आपल्याकडचाच उचलून आणलेला दिसतोय." कार्नी गावापर्यंत ठीक आहे. कार्नी सुटलं की रस्ता एका गाडीपुरता होतो आणि त्यावरून दोन जातात. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या काटेरी झुडपांची कुंपणं, थेट डांबराला चिकटलेली. पदपथ नाही, साइडपट्टी नाही, पाय ठेवायला चर नाही. ज्या प्रवासवर्णनात आम्ही "रमतगमत" वाचलं होतं, तो लेखक बहुधा मोटारीत रमत होता. अशा गावरस्त्यांची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ मध्ये ताशी ८० वरून ६० वर आणली आहे. आमच्या अंगावर आलेल्या ट्रॅक्टरवाल्यापर्यंत ती बातमी पोचली नसावी.

मागून नुसता घरघराट ऐकू आला. वळणामुळे दिसेना. "अगं, कुंपणात घूस!" ताई ओरडल्या आणि आम्ही घुसलो. काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले गवताचे गोल भारे लादलेला ट्रेलर इतक्या जवळून गेला, की ते प्लास्टिक ताईंच्या बाहीवर सरर्र करून घासलं. मागे शेणखताचा वास. मी ज्या पाल्यात हात घातला होता, त्याने मनगटापासून कोपरापर्यंत आग आग. वाऱ्याने छत्री उलटी. त्यात पाऊस. इथला पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो.

अर्ध्या तासाने उलट दिशेने जाणाऱ्या एक आजी गाडी थांबवून उतरल्या आणि आम्हाला चक्क रागावल्या. पदपथ नसेल तिथे उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून चालायचं, हा इथला नियम. आम्ही सवयीने डावीकडून. आजींनी डिकीतून चमकत्या पिवळ्या रंगाची दोन जाकिटं काढून दिली, परत घेईनात. ही जाकिटं इथे सगळे घालतात. तुम्ही पहिल्या दिवशीच विकत घ्या.

चालता चालता ताईंना ईव्हा गोर-बूथची गोष्ट सांगायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती. इथे सांगते. लिसाडेलच्या जमीनदाराच्या या दोन मुली. थोरली कॉन्स्टन्स म्हणजे वर आलेली काउंटेस मार्किएविच, १९१८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली पहिली बाई. तिचं नाव सगळ्यांना ठाऊक. धाकटी ईव्हा हा वाडा सोडून १८९७ मध्ये मँचेस्टरला गेली आणि एस्थर रोपर या मैत्रिणीसोबत गिरणीतल्या बायकांच्या संघटना बांधत राहिली. १९०८ मध्ये दारूच्या गुत्त्यांत काम करणाऱ्या बायकांची नोकरी जाईल असा कायदा येत होता. ईव्हाने पोटनिवडणुकीत त्या सरकारातल्या चर्चिलविरुद्ध रान उठवलं. थोरलीला बोलावून चार पांढऱ्या घोड्यांची गाडी मँचेस्टरच्या रस्त्यांवर फिरवली. गर्दीतून कुणी विचारलं म्हणे, "स्वयंपाक येतो का?" थोरली म्हणाली, "येतो. तुला चार घोड्यांची गाडी हाकता येते?" चर्चिल पडला. उत्तर थोरलीचं, सगळी मांडणी धाकटीची. ईव्हा लंडनला पुरली आहे, एस्थरशेजारी.

वाडा आतून बघण्यासारखा आहे. तो हंगामातच उघडा असतो, तारखा आधी बघून घ्या. जेवणघरात थोरलीच्या नवऱ्याने भिंतींवर काढलेली घरच्या नोकरांची पूर्णाकृती चित्रं आहेत. बटलरही रंगवलाय. ताई त्या बटलरसमोर ओल्या मोज्यांनी बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं चित्र बघताहेत. त्या म्हणाल्या, "याला चहा मागावासा वाटतोय."

परतीला टॅक्सी बोलावली. मीटर चालू नव्हता. मी दमले होते, बोलले नाही, तिथेच चुकलं. स्लायगोला ५५ युरो मागितले आणि दिले. टॅक्सी असेल तर मीटर लागतोच, हॅकनी (आधी बोलावून ठरवायची, मीटर नसलेली गाडी) असेल तर भाडं आधी ठरवायचं, आणि दोन्हीकडे पावती मागायची. सरकारी ड्रायव्हर चेक अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की परवाना कळतो. हे सगळं भाचीने रात्री सांगितलं. सकाळी सांगितलं असतं तर? "मामी, तुम्ही विचारलंत कुठे?"

बेलफास्ट राहिलं. तिथे सिटी हॉलच्या आवारात ८ मार्च २०२४ पासून मेरी अ‍ॅन मॅक्रॅकनचा पुतळा आहे. ही म्हातारी ऐंशी उलटल्यावरही बंदरावर उभी राहून अमेरिकेला निघालेल्यांना गुलामगिरीविरोधी पत्रकं वाटायची. पण बेलफास्ट म्हणजे उत्तर आयर्लंड, युनायटेड किंग्डममधलं. आयर्लंडचा साधा व्हिसा चालत नाही. सीमेवर कुणी विचारत नाही, असं तिघांनी सांगितलं. ऐकू नका. अर्ज करतानाच दोन्ही देशांना चालणारा, बीआयव्हीएस शेऱ्याचा व्हिसा मिळतो का बघा. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) व्हिसा दोन्हीकडे कुचकामी.

ती पिवळी जाकिटं आम्ही घेऊन आलो. ताई आता रविवारी पहाटे सिंहगडाखाली डोणज्याच्या रस्त्यावर त्यांचं जाकीट घालतात आणि उजव्या बाजूने चालतात. मी अजून डावीकडूनच चालते, त्यामुळे आम्ही ओरडून बोलतो.