डेंग्यूचा चार्ट कोणासाठी काढायचा?

गोव्यातल्या तापाच्या आजारांची आकडेवारी एका डॅशबोर्डवर, म्हणजे आकडे एका नजरेत दाखवणाऱ्या पानावर, मांडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आधीचा एक डॅशबोर्ड चालू होताच. गाडीतल्या काट्यांसारखी गोल मीटर, बारा तालुक्यांचा, वर्तुळाच्या फोडी केलेला बारा रंगी पाय चार्ट आणि वर ठळक अक्षरात एकूण रुग्ण. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं, "हे बघून तुम्ही काय ठरवता?" त्या हसल्या. "ठरवायचं काय त्यात? पाहुणे आले की दाखवायला बरं."

मग चार्टचं नाव काढायच्या आधी कोणाला काय ठरवायचंय ते लिहून घेतलं. मॅडमना कळायला हवं होतं की या आठवड्याचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त आहेत का. फवारणीच्या मुलांना हवं होतं, उद्या कुठल्या वाड्यावर जायचं. वरिष्ठांना माणसं आणि साहित्य कुठल्या तालुक्याला द्यायचं ते ठरवायचं होतं.

मॅडमसाठी डेंग्यूचा साधा लाईन चार्ट केला. खाली 52 आठवडे, मागच्या वर्षांची नेहमीची पातळी फिकट पट्ट्यात, वर यंदाची गडद रेघ. 2020 आणि 2021 त्या पट्ट्यात धरली नाहीत. कोविडच्या भीतीने साध्या तापाची माणसं दवाखान्याची पायरीच चढत नव्हती. एक खोच अशी की शेवटचा आठवडा कायम घसरलेला दिसतो, कारण लॅबचे काही अहवाल मागाहून येतात. ते पाहून "साथ ओसरली" म्हणणारा कोणीतरी भेटतोच. म्हणून तेवढा तुकडा तुटक रेघेत.

गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाला हा साचा चालेना. सत्तरी तालुक्यात तो 2015 पासून आढळतो आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. जानेवारीपासून अक्ष सुरू केला की एकाच हंगामाचं डोकं उजव्या टोकाला आणि धड डावीकडे, तेही वेगळ्या वर्षाच्या चार्टवर. मी अक्ष ऑक्टोबरपासून सुरू केला. काजूच्या दिवसांत बागायतीत जाणाऱ्यांना गोचिडीपासून सावध करायचं, तर चढ आधीच नजरेत यायला हवा.

सगळ्यात जास्त वाद झाला नकाशावरून. नकाशा हवाच, असं सगळ्यांचं म्हणणं. गोव्याचा नकाशा कोणाला आवडत नाही! पण रंग भरले की सत्तरी आणि सांगे डोळ्यांत भरतात, कारण त्यांचं क्षेत्रफळ मोठं. 2011 च्या जनगणनेत सत्तरीची लोकसंख्या सुमारे 64 हजार, मुरगावची दीड लाखावर. नकाशात मुरगाव समुद्राकडेला चिमूटभर. म्हणून वरिष्ठांसाठी जास्त ते कमी अशा क्रमाने आडवे बार लावले. उंची-लांबीतला फरक माणसाला कोनांपेक्षा अचूक कळतो, हे क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रयोगांतून दाखवलंय. पाय चार्ट काढून टाकताना हा दाखला उपयोगी पडला. नकाशा ठेवला, पण दुसऱ्या पानावर.

बार कशाचे, हाही प्रश्नच. नुसती संख्या घेतली तर मोठ्या वस्तीची सासष्टी कायम वर. लाखामागे दर घेतला तर काणकोण उड्या मारतो: 45 हजार वस्तीत समजा पाच रुग्ण सापडले तर दर 11 होतो, तेच पाच सासष्टीत सापडले तर दर 2 सुद्धा होत नाही. एखाददुसऱ्या रुग्णाने काणकोणात खळबळ उडायला नको, म्हणून चार आठवड्यांच्या बेरजेवर दर काढला आणि शेजारी मूळ संख्या छापली. लाल-हिरवा टाळून निळा-नारिंगी घेतला. शंभरातल्या काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि आमच्या बैठकीत पुरुषच जास्त.

फवारणीच्या मुलांना मी चार्ट दिलाच नाही. डेंग्यूचा डास फार लांब उडत नाही, मग तालुक्याची रेघ त्यांच्या काय कामाची? त्यांना सकाळी एका कागदावर यादी मिळते: वाडा, गेल्या पंधरवड्यातले रुग्ण, शेवटची फवारणी कधी. बाहेरच्यांना उघड दिसणाऱ्या पानावर मात्र गावांची नावं नाहीत. लहान गावात 'एक रुग्ण' लिहिलं की घर कुठलं ते संध्याकाळपर्यंत तिठ्यावर कळतं.