आमची वाटचाल : रोमन चांदी आणि एका आकड्याचं लफडं

आमची फर्म २००३ पासून इंग्लंडमधल्या लेस्टरला आहे आणि आम्ही फक्त रोमन चांदीच्या नाण्यांचा धंदा करतो. ब्राँझ नाही, ग्रीक नाही, मेडल तर अजिबातच नाही. एवढ्यावर घर चालणार नाही असं सगळ्यांनी सांगून झालं, पण आम्ही मूळचे कोल्हापूरच्या गुजरीतले, चुलत्यांचं सराफी दुकान, जुन्या रुपयांवर सराफांनी मारलेले बारके ठोसे बघत मोठे झालो, त्यामुळं डिनारियसवर, म्हणजे रोमनांच्या चांदीच्या नाण्यावर, पहिल्यांदा तसलाच चंद्रकोरीचा ठोसा दिसला तेव्हा तो काय आहे ते मला कुणी समजवायला लागलं नाही. चांदी आतपर्यंत आहे की तांब्यावर नुसता पत्रा चढवलाय ते बघायला त्या काळच्या सराफानं मारलेला. इथले काही डीलर याला डॅमेज म्हणतात आणि भाव पाडतात. पाडू देत, आम्ही घेतो.

हत्यारं म्हणाल तर चुलत्यांचं दहा एक्सचं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंतचा काटा, व्हर्नियर आणि एक साधा टेबललॅम्प. लॅम्प बाजूनं, अगदी खाली ठेवायचा आणि नाणं फिरवायचं, लॅम्प नाही. वरून उजेड मारला की झिजलेलं अक्षर गायब होतं. फोटो सौ. काढते आणि तिच्यासारखे फोटो या धंद्यात फार कमी जणांचे आहेत, हे मी नवरा म्हणून बोलत नाही. वजन तर पहिलं. रिपब्लिकचं, म्हणजे सम्राट यायच्या आधीच्या रोमचं, चांगलं डिनारियस ३.९ ग्रॅमच्या आसपास बसतं, सम्राट नीरोनं इ.स. ६४ मध्ये वजन उतरवलं त्यानंतरचं ३.४ च्या आसपास. रिपब्लिकचं फार न झिजलेलं नाणं ३.१ भरलं तर आधी कडेला तांबं डोकावतंय का बघा, मग नाण्यावरची अक्षरं वाचत बसा.

धंदा टिकला त्यात मोठा वाटा एका गिऱ्हाइकाचा. रिटायर्ड लॅटिनचे शिक्षक, आम्ही घरात त्यांना मास्तर म्हणतो, त्यांना माहीत नाही. मास्तर फक्त रोमन सेनापती मार्क अँटनीची लीजनवाली डिनारी (डिनारियसचं अनेकवचन) घेतात, लीजन म्हणजे सैन्याची पलटण, प्रत्येक नाण्यावर एकेका पलटणीचा आकडा, इ.स.पू. ३२-३१ ची, ॲक्टियमच्या लढाईआधी सैन्याचे पगार भागवायला पाडलेली. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला दोन निशाणांच्या मधे गरुड. चांदी जरा हलक्या प्रतीची, म्हणून लोकांनी साठवून ठेवली नाहीत, नुसती खर्च केली, दोनशेहून जास्त वर्षं फिरत राहिली आणि आपल्या हातात येईपर्यंत पार गुळगुळीत. आकडा गरुडाच्या उजवीकडं असतो आणि नेमका तोच जातो. पंधरा की सोळा ते रेघेवरून कळत नाही, गरुड आणि उजव्या निशाणाच्या मधली जागा बघायची, अक्षरं ऐसपैस बसलीत की दाटीवाटीनं. हे मला मास्तरांनी शिकवलं. पैसे देताना कधी घासाघीस नाही, उलट २०११ मध्ये न मागता पुढच्या लीजनचे आगाऊ देऊन गेले.

आता २०११ चं सांगतोच, कारण त्याच्याबद्दल लोक अजून अर्धवट बोलतात.

एका जुन्या संग्राहकाचा रिपब्लिकच्या नाण्यांचा अख्खा ट्रे विकायला निघाला. आम्ही घरावर कर्ज काढून घेतला. नाण्यांच्या जत्रेत आमच्या शेजारी टेबल लावणाऱ्या एका गृहस्थांना तो हवा होता आणि त्यांची बोली आमच्यापेक्षा कमी पडली, पुढं जे झालं त्याला एवढंच कारण. ट्रेमधे क्रेपुसियस नावाच्या टाकसाळ अधिकाऱ्याचं डिनारियस होतं, इ.स.पू. ८२ चं, समोर अपोलो, मागं भाला उगारलेला घोडेस्वार. ही सीरिज ज्यांनी हाताळलीय त्यांना सांगायला नको, घोडेस्वाराच्या मागं रोमन आकडा असतो आणि साधारण एका आकड्याचा एकच ठसा, म्हणजे नाणं पाडायचा साचा. टाकसाळीतल्या कामाचा हिशोब म्हणून घातलेले आकडे, आज दोन हजार वर्षांनी त्यावरून किती ठसे वापरले ते मोजता येतं. आमच्या नाण्यावरचा आकडा सहसा न मिळणारा होता. गृहस्थांनी हॉलभर फिरून सांगितलं की त्यातलं सी हे अक्षर (रोमन आकड्यांत शंभर) मागाहून कोरलंय, साध्या आकड्याचा महाग आकडा केलाय. मला येऊन विचारलं नाही, गिऱ्हाइकांना सांगितलं! ट्रे एकगठ्ठा घेणारा पाहुणा मागं सरला, आधी विकलेले दोन नग परत आले आणि बँकेचा हप्ता काही थांबेना. तो हिवाळा आम्ही सौ.च्या पगारावर काढला.

बरं, आरोप करायचा तर अक्कल लावून तरी करावा. नाण्यावरचा आकडा उठावाचा असतो. उठावाची रेघ नंतर घालायची तर आजूबाजूची सपाट जागा खरवडून खाली न्यावी लागते. ठसा मारताना चांदी बाहेरच्या बाजूला पळते, त्याच्या केसासारख्या बारीक रेघा सपाटीवर राहतात, खरवडलं की त्या तुटतात. आमच्या नाण्यावर त्या सीच्या खालून सरळ कडेपर्यंत गेलेल्या, भिंगाखाली कुणालाही दिसतील अशा. पण हॉलमधे भिंग लावून बघतो कोण, ऐकीव गोष्ट लवकर पसरते.

शेवटी पुरावा मास्तरांनी आणला. लायब्ररीत बसून जुन्या लिलावांचे कॅटलॉग चाळले, पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या कॅटलॉगमधल्या फोटोंच्या एका पानावर तोच आकडा सापडला. नाणं दुसरं, ठसा तोच. घोड्याच्या मागच्या खुरापासून कडेकडं जाणारी ठशाच्या तड्याची बारीक उठावदार रेघ दोन्हीकडं सारखी, भाल्याचं टोक आणि आकडा यातलं अंतर सारखं. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी मोठे करून पुढच्या जत्रेत टेबलावर उभे केले. काही बोललो नाही. गृहस्थ दिवसभर आमच्या रांगेत फिरकले नाहीत, माफी वगैरे तर सोडाच. नाणं त्याच दिवशी गेलं, ट्रे मात्र सुट्टा-सुट्टा विकायला फार वेळ लागला आणि व्याजात जे गेलं ते गेलंच.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. सम्राट फिलिपच्या पाणघोड्याच्या नाण्याला कायम मागणी, इ.स. २४८ मधे रोमला हजार वर्षं झाली तेव्हाच्या प्राण्यांच्या नाण्यांतलं, छाप्यावर राणी ओटासिलिया आणि पाणघोड्याखाली चार उभ्या रेघा. नवीन पोरं त्या रेघांना किंमत समजतात, तो टाकसाळीतल्या चौथ्या कारखान्याचा नंबर. त्याच मालिकेतल्या सिंहाच्या नाण्यावर एक, लांडगीच्या नाण्यावर दोन, असं सहापर्यंत.

काही गोष्टी सांगून ठेवतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात चांदी ठेवू नका, हिरवा चिकटा येतो. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काही लावू नका, आमच्या एका नातेवाइकांनी सम्राट टायबेरियसचं नाणं घासून चमच्यासारखं केलं. नाण्यासोबतची जुनी चिठ्ठी कितीही फाटकी असली तरी टाकू नका. भागीदारी सख्ख्या भावाशी असली तरी कागद करा. आणि गावाकडून मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून भाव विचारू नका. कोल्हापुरात ब्रह्मपुरीला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती निघाली, दक्षिणेत ऑगस्टस-टायबेरियसची डिनारी हंड्या भरून निघाली, सगळं खरं, पण भारतातलं जुनं नाणं बाहेर पाठवणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. इथंसुद्धा शेतात चांदीची दोन जुनी नाणी एकत्र सापडली तर कळवावं लागतं. कागद नसलेला माल आम्ही टेबलावरसुद्धा ठेवून घेत नाही.

मास्तरांचं एकच लीजन राहिलंय, पहिलं. ते इतकं दुर्मिळ आहे की जे समोर येतं त्याच्याकडं मी आधी खोटं म्हणूनच बघतो.

ते क्रेपुसियस कोणी घेतलं होतं हे लोक विचारतात, तर मास्तरांनीच. त्यांच्या संग्रहात तेवढं एकच लीजनबाहेरचं आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या त्या गृहस्थांचा मधल्या माणसाकडून निरोप आला की म्हाताऱ्यांनी ते कधी विकायला काढलं तर आधी त्यांना कळवावं. नाही कळवणार.