स्लाय स्टोनचा गढूळ अल्बम आणि त्याच्या मुलखातली माणसं

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड आणि आसपासच्या गावांत साठी ओलांडलेल्या कुणापाशीही गायक स्लाय स्टोनचं नाव काढा, चेहरा खुलतो. त्याच माणसापाशी त्याच्या 1971 च्या अल्बमचा विषय काढा, आणि बोलण्याचा सूर पालटतो. कुणी म्हणतं, याच्यासारखं पुन्हा काही झालं नाही. कुणी म्हणतं, घरात आहे, पण लावत नाही. एकाच अल्बमबद्दल इतकी टोकाची आणि इतकी जिव्हाळ्याची मतं मी दुसरीकडे कुठे ऐकली नाहीत. 9 जून 2025 ला लॉस एंजेलिसमध्ये वयाच्या 82 व्या वर्षी स्लाय गेला. तेव्हापासून शेजारी, ऑफिसात, बसमध्ये, जिथे विषय निघेल तिथे मी लोकांना विचारत आले आहे.

अल्बमचं नाव 'देअर्स अ रायट गोइन ऑन', म्हणजे 'दंगल चालू आहे', बँड 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन'. हे संगीत फंक. तिकडे भारतात ज्यांनी ते फारसं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साठच्या दशकात गायक जेम्स ब्राउननं गाण्याचा सगळा भार मात्रांच्या पहिल्या ठोक्यावर आणला. गिटार, ट्रम्पेट, गळा, सगळेच तालवाद्यासारखे वाजू लागले आणि सगळे मिळून त्या पहिल्या ठोक्यावर येऊ लागले. लहानपणी तबला शिकल्यामुळे मला ती सम लगेच कळली. मधल्या जागा कोण कशा भरतो यातच गंमत असते, आणि समेवर आल्यावर अंग आपोआप हलतं.

स्लायचं खरं नाव सिल्व्हेस्टर स्टुअर्ट. जन्म टेक्ससमधल्या डेंटनचा, 1943 सालचा, पण वाढला तो आमच्या उत्तरेला असलेल्या व्हॅलेहो गावात. तिथे मेअर आयलंडची नौदलाची गोदी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेतून आलेल्या असंख्य काळ्या कुटुंबांना तिथे काम मिळालं. स्टुअर्ट कुटुंब चर्चमध्ये गाणारं, आणि 1952 मध्ये या भावंडांची एक छोटी रेकॉर्डही निघाली होती. पुढे स्लाय रेडिओवर निवेदक झाला. काळ्या श्रोत्यांच्या स्टेशनवर तो बिनदिक्कत बीटल्स आणि बॉब डिलन या गोऱ्यांची गाणी लावायचा. मग 1966 च्या अखेरीस त्यानं बँड उभा केला. त्यांचे सुरुवातीचे कार्यक्रम रेडवुड सिटीतल्या एका क्लबात झाले. आपल्याकडची कितीतरी मुलं आज सॉफ्टवेअरच्या नोकरीला जातात, तेच हे रेडवुड सिटी.

त्या बँडमध्ये काळे आणि गोरे, बाया आणि पुरुष एकत्र होते. सिंथिया रॉबिन्सन ही बाई ट्रम्पेट वाजवत होती. बाईनं फक्त गायचं, हा तेव्हाचा रिवाज होता, म्हणून हे मला फार मोठं वाटतं. ड्रम्सवर ग्रेग एरिको आणि सॅक्सोफोनवर जेरी मार्टिनी, दोघे गोरे. स्लायचा भाऊ फ्रेडी गिटारवर, बहीण रोज पियानोवर. आणि बेसवर लॅरी ग्रॅहम. लॅरी आईबरोबर क्लबांत वाजवायचा. तिच्या जोडीला ड्रमर उरला नाही, तेव्हा त्यानं बेसची जाड तार अंगठ्यानं ठोकून आणि बारीक तार बोटानं खेचून ड्रम्सची उणीव भरून काढली. आज जगभर बेस वाजवणारी मुलं जे 'स्लॅप' म्हणून शिकतात, त्याचं मूळ या गरजेत आहे.

1969 मध्ये हा बँड कळसाला पोचला होता. 'एव्हरीडे पीपल' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्यांनी पहाटेच्या अंधारात लाखो माणसं उठवून नाचवली. सगळ्यांनी एकत्र राहता येतं, हे त्यांच्या गाण्यात होतं आणि मंचावर डोळ्यांनी दिसतही होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी हा अल्बम आला. मधल्या काळात स्लाय लॉस एंजेलिसला गेला, अमली पदार्थांत बुडाला, कार्यक्रमांना उशिरा येऊ लागला, कधी यायचाच नाही. एरिको बँड सोडून गेला. तिथल्या बेल एअर भागातल्या बंगल्यात आणि स्टुडिओत स्लाय बरेचसे भाग एकट्यानंच वाजवून टेप करत राहिला. एकाच टेपवर पुन्हा पुन्हा आवाज चढवायचे, पुसायचे, पुन्हा चढवायचे. चुंबकीय टेप यंत्रातून जितक्या वेळा फिरते तितकी तिच्यावरची भुकटी झिजते. आधी वरचे बारीक, चमकदार आवाज जातात आणि मागे सरसर वाढत जाते. सगळा अल्बम म्हणूनच पहिल्या पावसानंतरच्या नदीसारखा गढूळ ऐकू येतो. श्रोत्यांचा सगळा वाद फिरून फिरून या गढूळपणावरच येतो.

ओळखीचे एक मराठी काका 1970 मध्ये बर्कलीला शिकायला आले. टेलिग्राफ अव्हेन्यूवरच्या दुकानातून त्यांनी हा अल्बम घेतला, कारण आधीच्या गाण्यांवर त्यांचा जीव होता. "अगं, मला वाटलं तबकडीच बिघडलेली आहे," ते म्हणाले. "विद्यार्थ्याचे पैसे ते. मी परत करायला गेलो, तर दुकानातला मुलगा म्हणाला, सगळे हेच सांगतायत, पण ती तशीच आहे." काकांनी ती ठेवून घेतली, आणि अजून त्यांच्याकडे आहे. त्यांचं मत आजही अर्धं-अर्धं आहे. दुसरी बाजू त्यांना आवडते, विशेषतः 'रनिन अवे', कारण त्यात ट्रम्पेट स्वच्छ आहे आणि चाल खेळकर आहे. पहिली बाजू लावली की त्यांना खोलीच्या खिडक्या बंद असल्यासारखं वाटतं.

काकांकडून मला आणखी एक गोष्ट कळली. ओकलंडमध्ये ऑक्टोबर 1966 मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष निघाला होता. त्याचं वृत्तपत्र काका रस्त्यावर विकत घ्यायचे. 1969 पासून शाळकरी मुलांना सकाळचा फुकट नाश्ता देणारी पँथर्सची योजना त्यांना चांगली आठवते. 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले आणि ज. वि. पवार यांच्या पिढीनं दलित पँथर उभी केली, ती बातमी घरच्या पत्रातून कळल्यावर काका दिवसभर वर्गातल्या मुलांना ती सांगत सुटले होते. नाव इथून तिकडे गेलं याचा त्यांना आजही अभिमान आहे. त्याच काळात इथल्या पँथर्सनी स्लायवर दबाव आणला, बँडमधले गोरे काढ म्हणून, असं त्या काळाबद्दल सांगतात. एकीकडे त्याच्या लोकांचं न्याय्य मागणं, दुसरीकडे त्याचे मित्र. 'रायट' मधला कोंडलेला स्वर मला या बाजूनंही ऐकू येतो.

माझे शेजारी निवृत्त बसचालक आहेत. त्यांचे वडील मेअर आयलंडच्या गोदीत होते, म्हणजे ते स्लायच्याच गावचे. अल्बम घरात आहे पण लावत नाहीत असं म्हणणाऱ्यांतले ते. कारण विचारलं, तर त्यांनी आधी 1968 चं 'डान्स टू द म्युझिक' लावलं. त्या गाण्यात प्रत्येक वाद्य पाळीपाळीनं पुढे येतं आणि आपली ओळख करून देतं. आधी ड्रम्स, मग गिटार, मग बेस, मग ऑर्गन. "इथे मला प्रत्येकजण ओळखू येतो," ते म्हणाले. "आणि त्या दुसऱ्या रेकॉर्डवर मी माणसं शोधत बसतो. सापडत नाहीत."

हे मला इतकं नेमकं वाटलं की त्यानंतर अल्बम त्या कानानंच ऐकला जातो. 'फॅमिली अफेअर' हे त्यातलं सर्वांत गाजलेलं गाणं, 1971 च्या डिसेंबरात देशात पहिल्या क्रमांकावर. नावात कुटुंब, पण फॅमिली स्टोन त्यात जवळजवळ नाही. स्लायचा गळा, रोजचा गळा, पियानोवर पाहुणा बिली प्रेस्टन आणि गिटारवर पाहुणा बॉबी वोमॅक. ड्रम्सच्या जागी यंत्र. एका आईची दोन मुलं, एक शिकणारा, एक वाया गेलेला, आणि आईचा जीव दोघांत, असं ते गाणं आहे. घर विस्कटल्यावर घराबद्दल गाणं करणं, तेही इतक्या हळू, जवळजवळ पुटपुटत्या आवाजात. शेजाऱ्यांना जी उणीव टोचते, तीच मला या गाण्याचा प्राण वाटते.

यंत्राबद्दल मी एका ड्रम्सच्या शिक्षकांना विचारलं. ते इथल्या मुलांना शिकवतात. मेस्ट्रो ऱ्हिदम किंग हे यंत्र घरी ऑर्गन वाजवणाऱ्या हौशी लोकांच्या साथीसाठी होतं. बटण दाबलं की बोसानोव्हाचा ताल, बटण दाबलं की फॉक्सट्रॉट नाचाचा. यंत्रानं ड्रमरची जागा घेतली याचा या शिक्षकांना तरुणपणी संताप यायचा. आता ते मुलांना 'फॅमिली अफेअर' मुद्दाम ऐकवतात. त्यांचं म्हणणं असं की यंत्र एकसारखं टिकटिकत असताना स्लाय बेस आणि गिटार किंचित मागे ठेवतो, म्हणून त्या कोरड्या टिकटिकीला अंग फुटतं. तबला शिकवणारे आमचे सर लेहऱ्याबद्दल, म्हणजे तबल्यामागे सतत फिरत राहणाऱ्या धुनेबद्दल, हेच सांगायचे, की लेहरा पक्का असेल तर वाजवणाऱ्याला रेंगाळायची मोकळीक मिळते. ड्रम मशीनवरचं गाणं देशात पहिलं येणं ही त्या काळी नवलाची गोष्ट होती, आणि आजच्या बहुतेक गाण्यांचा पाया तोच आहे.

म्हणूनच ऑफिसातली तिशीतली मैत्रीण गढूळपणाची तक्रार ऐकून चकित होते. ती हिप-हॉपवर वाढलेली, गायक डिअँजेलोच्या 2000 सालच्या 'व्हूडू' अल्बमवर जीव टाकणारी. झिजलेली टेप, कानाशी पुटपुटणारा गळा, मागे पडणारे ठोके, हे सगळं तिला संगीताचा नेहमीचा रंग वाटतं. उलट 1969 ची स्लायची गाणी तिला फार लखलखीत वाटतात. जुन्या बँडची तिला आठवण नाही, त्यामुळे ती इथे कुणाला शोधत नाही.

माझं स्वतःचं मत या गप्पांतूनच तयार झालं. या अल्बमवर सर्वांत जास्त रुसलेले लोक स्लायवर सर्वांत जास्त प्रेम करणारे आहेत, आणि त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. यात माणसं सापडत नाहीत, उजेड कमी आहे, चाली अर्ध्यावर सोडून दिल्यासारख्या आहेत. पण हे सगळं निर्मळ, चकचकीत आवाजात सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं. माझ्यासाठी हा त्याचा सर्वोत्तम अल्बम आहे. फक्त तो पहिला ऐकू नये. 1969 चा 'स्टँड' आधी ऐकावा, मनात तो आनंद भरून घ्यावा, आणि मग इकडे यावं.

एका गोष्टीशी मात्र माझं पटत नाही. बर्कलीचे समीक्षक ग्रील मार्कस यांनी 1975 च्या पुस्तकात स्लायवर मोठं प्रकरण लिहिलं, आणि तेव्हापासून लिहिणारी मंडळी या अल्बमला साठच्या दशकाच्या स्वप्नाचा शेवट म्हणत आली आहेत. मार्कस यांचं लेखन थोर आहे. पण ही सगळी चर्चा वाचून वाटतं की 1971 मध्ये लोक हा अल्बम अंधारात बसून रडत ऐकत होते. तसं असतं तर तो पहिल्या क्रमांकावर गेला नसता. यात स्लाय एका गाण्यात चक्क योडलिंग करतो, म्हणजे गळा झटकन उंच-खाली उडवत गातो. 'यू कॉट मी स्मायलिन' मध्ये खरंच हसू आहे, थकलेलं असेल, पण आहे. आणि शीर्षकगीताची लांबी आहे शून्य मिनिटं शून्य सेकंद. दंगल नकोच, म्हणून तिला वेळच दिला नाही, असं स्लायनं नंतर सांगितलं. मुखपृष्ठावरचा अमेरिकेचा ध्वजही त्यानं बदलून घेतला होता, लाल, पांढरा आणि काळा, ताऱ्यांच्या जागी सूर्य. लाल का, तर रक्त सगळ्यांचं एकच.

हे मी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बोलत होते, तेव्हा त्यांच्या पत्नी आतून बाहेर आल्या. त्या ओकलंडच्याच, आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या. "दुःखाची रेकॉर्ड?" त्या म्हणाल्या. "आम्ही यावर नाचलोय. याच गृहस्थांबरोबर."

मग दोघांचा शेवटच्या गाण्यावरून वाद झाला. 1969 च्या अखेरीस 'थँक यू' नावाचं त्यांचं एक सिंगल निघालं होतं, लॅरी ग्रॅहमच्या अंगठ्याची सगळी जादू असलेलं, चटपटीत. अल्बमच्या शेवटी तेच गाणं वेगळ्या नावानं येतं, सात मिनिटांचं आणि कितीतरी संथ. शेजारी म्हणतात, इथे स्लाय दमला, त्याला आपलंच गाणं पेलेना. बाई म्हणतात, मुळीच नाही, पहिलं गाणं इतकं पळतं की नाचताना जोडीदाराचा चेहराही दिसत नाही, हे दुसरं नाचण्यासाठीच संथ केलंय.

दोन्ही गाणी पाठोपाठ लावून बघा, पहिलं आधी. लय उतरली की दोन ठोक्यांमधली जागा वाढते आणि ती सांभाळायला जास्त ताकद लागते, हे विलंबित ऐकणाऱ्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. दमलेल्या माणसाला सात मिनिटं तो भार असा तोलून धरता येत नाही. मी बाईंच्या बाजूची आहे.