तुम्ही विचारलंत म्हणून: मामाला ते इंजेक्शन का नाही दिलं

लग्नात विचारतात, बारशाला विचारतात, मागे एकदा तर तेराव्याच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी पानावर भात वाढून होईपर्यंतसुद्धा धीर धरला नाही. प्रश्न एकच. तू तर कॅन्सरच्या अँटीबॉडीवरच काम करतेस ना गं, मग अण्णामामाला ती इम्युनोथेरपी का नाही दिली? काहीजण त्याच्यापुढे जाऊन "का देऊ दिली नाहीस" असं विचारतात, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त बरोबर आहे.

मी दर वेळी "त्या स्टेजला फार उपयोग नसतो" म्हणून विषय बदलते. खोटं नाही ते, पण पुरतं खरंही नाही. म्हणून एकदा सगळं लिहिते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

आधी एक गोष्ट. ही इम्युनोथेरपी म्हणजे अँटीबॉडीचं इंजेक्शन. अँटीबॉडी म्हणजे ठरावीक जागी जाऊन चिकटणारं प्रथिन, आणि ही शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडते. पण ते "माझं" औषध नव्हतं. सोळा वर्षं मी या धंद्यात आहे, पुण्यात पीएचडी, मग जर्मनी, मग बेंगळुरूला कंपनीत, आणि माझ्या हातून निघालेलं एकही औषध मेडिकलमध्ये मिळत नाही. एक होतं, उंदरांमध्ये गाठी विरघळवायचं, आम्ही सगळे खूश. मग माणसाच्या निरोगी टिश्यूंच्या कापांवर ते टाकून बघितलं तर पित्तनलिका मस्त तपकिरी रंगल्या, म्हणजे ते तिथेही जाऊन चिकटत होतं. चाळीस मिनिटांच्या मीटिंगमध्ये साडेचार वर्षं बंद झाली. त्याबद्दल मला कुणी विचारत नाही, आणि बरंच आहे.

मामाचं म्हणजे २०१८ चं. गालाचा कॅन्सर, तंबाखू-चुन्याची चाळीस वर्षं, ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला, मग शेक झाला, केमो झाली, आणि सहा महिन्यांत मानेत परत आलं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही तो फोन.

दुपारी तीनच्या सुमारास दादाचा, म्हणजे मामेभावाचा, फोन आला. मी एलायझाची प्लेट करत होते, म्हणजे अँटीबॉडी कुठे चिकटते ते बघायची चाचणी, छोट्या खळग्यांच्या ताटलीत. त्यात शेवटी एक रसायन घालतात, जिथे अँटीबॉडी चिकटली असेल तिथे निळा रंग येतो, आणि ठरलेल्या मिनिटाला ॲसिड घालून ते थांबवायचं असतं, मग पिवळं होतं. मी निळं घातलं आणि फोन उचलला. एक ग्लोव्ह काढून, खांदा आणि कानाच्या मध्ये फोन धरून.

दादा म्हणाला, डॉक्टर निवोलुमॅब म्हणतायत, महिन्याला दोन-अडीच लाख तरी लागतील, किती महिने ते सांगता येत नाही म्हणाले. विहिरीजवळचा तुकडा घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, उद्या विसार देतोय. तू सांग. आई म्हणती तिला इचार, तिचंच औषध हाय ते.

मला आकडे तोंडपाठ होते, त्याचा तेव्हा अभिमानही होता. निवोलुमॅब, म्हणजे त्याच इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनची २०१६ ची ट्रायल, केमोनंतर परत आलेला डोक्या-मानेचा कॅन्सर, म्हणजे अगदी मामाचीच केस. गाठ लहान झाली ती शंभरात तेरा जणांची. वर्षभर जगले ते छत्तीस टक्के, जुन्या औषधांवर साधारण सतरा. मधला आकडा, म्हणजे निम्मे पेशंट जिथवर जगले तो, बघितला तर साडेसात महिने विरुद्ध पाच. मी त्याला फक्त तेरा सांगितले. छत्तीस आणि सतरा सांगितले नाहीत. का नाही सांगितले? तेव्हा वाटलं, गोंधळ कशाला. आज वाटतं, माझं उत्तर आधीच ठरलं होतं आणि त्याला शोभेल तो आकडा मी उचलला.

मी म्हणाले, दादा, शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांची गाठ हलत नाही आणि शेत मात्र गेलेलं असतं. विकू नका.

तो गप्प. मग म्हणाला, थांब, अण्णांकडं देतो.

मामाला बोलता येत नव्हतं हो धड. अर्धा जबडा नाही, लाळ सांडते, शब्द नुसते घशातून येतात. मी म्हणाले, मामा, ऐकलंस का, काय करायचं. तो काहीतरी बोलला. मला ऐकू आलं, "इकू नगं." मी लगेच म्हणाले, बघ, मामापण तेच म्हणतोय.

फोन ठेवला तेव्हा प्लेट अख्खी गर्द निळी झाली होती, शहाण्णवच्या शहाण्णव खळगे, जिथे काहीच चिकटायला नको होतं तेसुद्धा. फेकून दिली.

मामा अडीच महिन्यांनी गेला.

"इकू नगं" आणि "इकून घे". रात्री झोप नाही आली की मी हे दोन्ही तोंडातल्या तोंडात, जीभ न हलवता, म्हणून बघते. फरक राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अगं मग बरोबरच सांगितलंस की, तेरा टक्क्यांसाठी कोण शेत विकतं. मीही चार वर्षं तेच म्हणत होते. मग २०२२ च्या शेवटी मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांचा पेपर आला. डोक्या-मानेचाच कॅन्सर, १५१ पेशंट. अर्ध्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या गोळ्या, बाकीच्या अर्ध्यांना त्याच गोळ्या आणि वर निवोलुमॅब, पण दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. वर्षभर जगलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेले. मी कंपनीच्या बसमध्ये वाचत होते, स्टॉप निघून गेला.

मामा ४६ किलोचा होता. नेहमीच्या हिशोबाने त्याला दोन आठवड्यांनी १३८ मिलिग्रॅम लागलं असतं. इथे तीन आठवड्यांनी २०. म्हणजे साधारण दहावा हिस्सा. दहाव्या हिश्शाला विहीर विकावी लागत नाही.

आणि खरी बोच इथे आहे. हे मला नवीन नव्हतं! याच निवोलुमॅबचा २०१० सालचा पहिल्या फेजचा, म्हणजे माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचणीचा, पेपर मी पीएचडीत असताना जर्नल क्लबमध्ये स्वतः प्रेझेंट केला होता. त्यात स्पष्ट होतं, किलोला ०.३ मिलिग्रॅम द्या नाहीतर १० द्या, रक्तातल्या टी-सेल्सवरचे, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशींवरचे, पीडी-१ नावाचे ब्रेक औषधाने जवळपास सारखेच झाकले जातात आणि दोन महिन्यांहून जास्त झाकलेले राहतात. मामाला २० मिलिग्रॅम म्हणजे किलोला ०.४ च्या वर. अँटीबॉडी किती लागते, किती वेळ चिकटून राहते, हेच तर माझं रोजचं काम, त्याचाच मला पगार मिळतो. फोनवर मी टक्क्यांचं बोलले आणि डोसचा विचारच केला नाही.

२०१८ मधली मी यावर भांडते. म्हणते, रक्तातल्या पेशी झाकल्या म्हणजे गाठ विरघळली असं कुठे आहे? ट्रायल नसताना डोसचा दहावा हिस्सा द्या म्हणायला तू कोण, तू डॉक्टर आहेस का? आणि विसरलीस का २००६ चं लंडन, एमएस्सीला होतीस तेव्हा, सहा धडधाकट तरुण, टीजीएन१४१२ नावाच्या अँटीबॉडीची चाचणी, प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाने सगळे आयसीयूत गेले, एकाची हातापायांची बोटं गेली. थोडंसं आहे म्हणजे निरुपद्रवी, आणि थोडंसं आहे म्हणजे पुरेसं, ही दोन्ही वाक्यं तूच विद्यार्थ्यांना खोडायला लावतेस. बरोबर आहे तिचं. आणि टाटाच्या पेशंटना गोळ्याही होत्या सोबत, नुसतं इंजेक्शन नव्हतं, आणि त्यांच्यातही निम्म्याहून जास्त लोक वर्ष संपायच्या आत गेलेच. हे सगळं बरोबर.

पण निदान "डॉक्टरांना विचार, कमी डोसवर काही करता येतं का" एवढं एक वाक्य? त्याला पैसे पडत नव्हते.

अजून एक आहे, जे कुणीच विचारत नाही. माझ्या खात्यात तेव्हा फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे पैसे होते. दादाने मागितले नाहीत, मी काढले नाहीत. त्याच्या शेताचा हिशोब मी किती शहाणपणाने केला! माझ्या नवऱ्याला झालं असतं तर तेरा टक्के मला तेराच वाटले असते का? नाही वाटले असते. मी पूर्ण डोस दिला असता, फ्लॅट गेला उडत. हे लिहिताना हात जड झालाय, पण तुम्ही विचारलंत.

आता कुणाचा फोन आला, आणि येतात, दर महिन्याला एक तरी येतो, तर मी सगळे आकडे सांगते, तेरा, छत्तीस, सतरा, टाटाचं २० मिलिग्रॅम, थायरॉइड आणि आतड्यांचे साइड इफेक्ट, सगळं. समोरचा माणूस शेवटी म्हणतो, ते ठीक आहे हो ताई, पण द्यावं की नाही? मग मी म्हणते, तुमच्या डॉक्टरांशी बोला. म्हणजे पळूनच जाते, फक्त आता जास्त वेळ लावून.

विहिरीजवळच्या तुकड्यात दादा ऊस लावतो. दर वर्षी त्यातल्या गुळाची एक ढेप बेंगळुरूला येते, खोक्यावर माझं सासरचं आडनाव चुकीचं लिहिलेलं असतं, आणि मी मिळाली म्हणून सांगायला फोन करते. मामी घेते फोन, पाऊसपाण्याचं बोलते. दादाही त्या दिवशी फोनजवळच उभा होता, त्याला काय ऐकू आलं होतं, हे विचारायचं दर वेळी ठरवते.