हळदीचा डाग आणि खाडीचं पाणी

झब्ब्यावर आमटी सांडली की मी आधी साबण घासायचो. हळद साबणाला लागली की लालभडक होते, आणि डाग होता त्याहून उठून दिसतो. आई म्हणायची, "नुसता पिळून उन्हात टाक. संध्याकाळपर्यंत उडेल." उडायचाही. कुठे, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तो प्रश्न परवा खाडीवर आठवला. तिवरांच्या मुळांशी साचलेलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसत होतं. बाटलीत भरलं, रुमालातून गाळलं. गाळ वर राहिला, रंग खाली आला. कुजलेल्या पानांचा अर्कच तो, पाण्यात विरघळलेला कार्बन. जगभरच्या नद्या हा काढा शतकानुशतकं समुद्रात ओतताहेत, तरी समुद्र निळाच. काही काम जिवाणू करतात, आणि बरंचसं ऊन.

रंग असणं म्हणजे प्रकाश गिळणं. जो रेणू ऊन गिळतो, विशेषतः त्यातले अतिनील किरण, तोच त्यानं फुटतो. आमटीतल्या हळदीचं तेच आणि तिवराच्या पानाचंही तेच. फुटल्यावर थोडा कार्बन डायऑक्साइड होतो, थोडा कार्बन मोनॉक्साइड, आणि उरतात बारीक तुकडे. मूळचे अगडबंब रेणू ज्या जिवाणूंना चावत नव्हते, ते यांच्यावर ताव मारतात. दात नसलेल्या आजोबांना भाकरी दुधात कुस्करून द्यावी, तसं.

सगळ्या समुद्रांत मिळून असा विरघळलेला कार्बन सुमारे 66,000 कोटी टन आहे. वातावरणातल्या कार्बनाशी तुलना व्हावी एवढा! त्यातला बहुतेक खोल अंधारात. अतिनील किरण नितळ समुद्रातही काही डझन मीटरच उतरतात, आमच्या खाडीत तर हातभरही नाही. प्रशांत महासागराच्या खोल पाण्यातल्या या कार्बनाचं सरासरी वय 6000 वर्षांच्या आसपास भरतं. मोहेंजोदडोची पहिली वीट रचायच्या आधीचं. खालचं पाणी वर यायला शेकडो वर्षं लागतात. आलं की मग त्याला ऊन लागतं.

बाटली गच्चीच्या कठड्यावर ठेवली होती. दोन दिवस बरं ऊन होतं, मग आषाढ सुरू झाला. झब्बा आतल्या दोरीवर, पंख्याखाली. वाळलाय. डाग तसाच आहे.